एक नंबरची चामड्याची टोपी

मंगळवार, ११ जानेवारी २०२२

पपांच्या मागे कुणीतरी लागलंय. माणूस जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी!

दुपारी प्यूजोल मास्तर सलूनमध्ये आला. डोक्यावर एक केस नाही, आणि खुशाल खुर्चीत येऊन बसला! शाळेतून निवृत्त झाल्यापासून गावच्या रग्बी क्लबच्या शंभरीचं पुस्तक लिहितोय, १९२२ पासूनचा सगळा इतिहास. इकडचं तिकडचं बोलला, आईची तब्येत विचारली, आणि मग अगदी सहज —

"ओदील, गास्तोंची ती चामड्याची टोपी अजून आहे का गं घरात?"

"का?"

"काही नाही. एक गोष्ट तपासायची होती."

तपासायची! १९६१ च्या अंतिम सामन्यात एक नंबरची जर्सी कुणी घातली ते मैदानाच्या दारातल्या संगमरवरी पाटीवर कोरलंय. गास्तों लाबॅर. शंभर वर्षांत क्लबने जिंकलेली एकच मोठी ढाल, आणि ती जिंकणाऱ्या पंधरा जणांत माझे पपा. लहानपणी मी ती अक्षरं बोटाने गिरवायचे. अजूनही तिथून जाताना हात लावल्याशिवाय पुढे जात नाही. त्यात आता तपासायचं काय उरलंय?

कुठेतरी पाणी मुरतंय.

बुधवार, १२ जानेवारी

टोपी कपाटातून काढली, अंतिम सामन्यात पपांच्या डोक्यावर होती ती. रोलरच्या खोक्यात तळाशी ठेवली, वर दोन डझन जुने रोलर. आता शोध म्हणावं!

शनिवार, १५ जानेवारी

घरचा सामना, म्हणून सकाळपासून सलून भरलेलं. आताचे खेळाडू पगारी. कुणी फिजीचा, कुणी जॉर्जियाचा, दोन हंगाम खेळतात आणि दुसऱ्या गावाला जातात. वागायला चांगले आहेत पण. जॉर्जियाचा तो धिप्पाड गडी खुर्चीत मावत नाही, मानेवर वस्तरा लागला की मात्र लहान मुलासारखा डोळे मिटतो.

सत्तेचाळीस वर्षं या लाव्हर्साक गावाची डोकी माझ्या हाताखालून जातायत. चेहरा न बघता, नुसता कान बघून सांगते कोण कुठे खेळायचा. चेंडू घेऊन पळणाऱ्यांचे कान शाबूत. पहिल्या फळीत, म्हणजे एक-दोन-तीन नंबरला, डोकी घुसवून रेटारेटी करणाऱ्यांचे चुरगळलेले, फुगलेले, कोबीच्या गड्ड्यासारखे. खाटकाचे तसे, औषधवाल्याचे तसे, आमच्या पाद्रीबाबांचा तर उजवा कान अर्धाच आहे! अजून एकदाही चुकलेले नाही मी.

मास्तर आज बाहेरून गेला. आत बघितलं, हात केला. मी केला नाही.

गुरुवार, २० जानेवारी

आज एल्वा आला. एल्वा! उभ्या आयुष्यात माझी पायरी चढला नव्हता. केस कापायला बस पकडून सात किलोमीटर पलीकडे जायचा. आता सत्त्याऐंशी वर्षांचा आहे.

त्याची गोष्ट इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तोही पपांच्याच संघात होता, पहिल्या फळीतला सगळ्यात दांडगा. १९६१ च्या उपांत्य सामन्यात समोरच्याला ठोसा हाणला, बंदी आली, अंतिम सामना हुकला. म्हणून पाटीवर नाव नाही. अजूनही कुणी ऐनवेळी घाण केली की लोक म्हणतात, "झाला एल्वाचा ठोसा!"

कान अव्वल पहिल्या फळीचे. डावा तर कान आहे हे सांगावं लागेल. कात्री कुठून घालावी कळेना.

पूर्ण वेळ आरशावरच्या पपांच्या फोटोकडे बघत होता. मग म्हणाला, "टोपी जपलीस का, पोरी?"

नऊ दिवसांत दोन माणसं, आणि दोघांना टोपीच हवी!

"कसली टोपी?" म्हटलं.

हसला. "मी काही मागायला आलो नाही."

विचारलं होतं का मी? मागायला न आलेला माणूस असं आपणहून सांगत नाही. ब्रँडीत मुरवलेल्या आलुबुखारांची बरणी आईसाठी ठेवून गेला. लाच!

रविवार, २३ जानेवारी

पपांची पेटी काढून बसले. भिंग घेऊन. आपल्याकडे पुरावा तयार असलेला बरा.

अंतिम सामन्याचे दोन फोटो. पहिला तुलूजच्या मैदानावरचा, सामना चालू असतानाचा. दोन्हीकडचे गडी डोकी भिडवून उभे, एक नंबरवाला टोपी घालून, हनुवटी छातीला टेकवलेली. चेहरा दिसत नाही. पण जर्सी एक नंबरची आहे, अजून काय पाहिजे?

दुसरा सामना संपल्यावरचा, ढालीसोबत. पपा मधोमध. केस विंचरलेले! जर्सी चिखलाने बरबटलेली, गुडघे मात्र स्वच्छ. पपा होतेच टापटिपीचे. घरातही चार वेळा हात धुवायचे.

सोळाव्या वर्षापासून पहिल्या फळीत खेळलो, असं स्वतः सांगायचे. त्या सामन्यात खांदा गेला आणि खेळ सुटला. खांद्याचं दुखणं पावसाळी हवेत निघायचं. ते मी खोटं धरू?

सोमवार, २४ जानेवारी

सलून बंद. आई लसूण सोलत बसली होती, सूपसाठी. अठ्ठ्याऐंशीची आहे, पण सुरीवरचा हात अजून पक्का. म्हटलं, "आई, त्या दिवशी पपा तुलूजहून कसे आले होते गं?"

"घामेघूम."

"चिखलाने माखून, म्हणजे."

"घामेघूम म्हटलं मी. जर्सी धुतली, चिखल काढता काढता हात सोलले. पण चड्डीमोजे? घडी केली आणि कपाटात ठेवले. धुवायला काही होतंच कुठे!"

"तुला नीट आठवत नसेल."

"मला?" एवढंच म्हणाली आणि लसणाची पाकळी माझ्या अंगावर फेकली.

एल्वाची बरणी अर्धी संपलीय. आईलाही फितवली त्याने.

मंगळवार, १ फेब्रुवारी

चौकातल्या कॅफेत मास्तर आणि एल्वा, एकाच टेबलावर. मला बघितल्याबरोबर मास्तरने कागद पालथा केला!!

शुक्रवार, ४ फेब्रुवारी

आज भांडले. कडाक्याचं.

मास्तरने पुस्तकाची छापलेली पानं वाचायला दिली होती. सुरुवात बरी केलीय. औषधवाला आणि स्टेशनमास्तर यांनी आलुबुखार वाळवायच्या अंगणात क्लब कसा काढला, युद्धात मैदानावर बटाटे कसे लावले, पुढे सरकारने कुठला खेळ बंद केला, कुणाला कुठल्या नावाने खेळावं लागलं. मी गोडीने वाचत गेले. मग १९६१. अंतिम सामन्याचा संघ. दोन नंबर, नाव. तीन नंबर, नाव. पंधरापर्यंत सगळी नावं. आणि एक नंबरपुढे नुसती रेघ!

तशीच ॲप्रन घालून त्याच्या घरी गेले. म्हटलं, "मास्तर, माझ्या बापाचं नाव कुठाय?"

"बस आधी, ओदील. कॉफी घेतेस?"

"कॉफी गेली चुलीत! नाव कुठाय?"

"मला नक्की कळेपर्यंत लिहीत नाही. गास्तों तुला त्या सामन्याचं काय सांगायचे? आठवतं तेवढं सांग, मी जसंच्या तसं छापतो."

मग सांगितलं, उभ्याउभ्याच. तोंडपाठ आहे मला. पहिला गुण झाला तेव्हा पत्र्याच्या छपरावर लोक पाय आपटत होते, तो आवाज. उत्तरार्धात मैदान इतकं चिडीचूप झालं की बाहेर रस्त्यावरचा बर्फवाला ओरडताना ऐकू आला. शेवटची शिट्टी झाली, आणि बँडवाल्यांनी चुकून दुसऱ्याच गावाचं गाणं सुरू केलं.

मास्तर लिहून घेत होता. थांबला. "आणि काय दिसलं त्यांना?"

"म्हणजे?"

"हे सगळं ऐकलेलं आहे. समोरचा गडी कोण होता, रेटताना काय झालं, खांदा कसा गेला — यातलं काही?"

"माझा बाप बढाया मारणारा नव्हता!" म्हटलं आणि निघाले. मागून म्हणाला, "एल्वाशी बोल, बाई. मी सांगण्यात अर्थ नाही."

म्हणजे डाव एल्वाचाच. स्वतः ठोसा हाणून सामना घालवला, आणि आता मरताना मेलेल्या माणसाची जागा हवीय. पाटीवरची!

गुरुवार, १७ फेब्रुवारी

 लिहून ठेवते, शब्दन् शब्द. उद्या कोर्टात जायची वेळ आली तर उपयोगी पडेल.

एल्वा परत आला. मी त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं. डावी बाजू कापून झाली, तेव्हा बोलायला लागला. आरशातल्या फोटोशी बोलावं तसं.

"अंतिम सामना मी खेळलो, ओदील. गास्तोंच्या खेळायच्या परवान्यावर."

कात्री तशीच हवेत.

"गास्तों राखीव होता, तोही पळणाऱ्यांतला. पहिल्या फळीत कधी उभा राहिला नाही, वजनच नव्हतं. वर्षभर प्रत्येक गावाला बसमधून आला, पाण्याच्या बाटल्या वाहिल्या, मैदानावर एकदाही उतरला नाही. मला बंदी आली तेव्हा तोच माझ्या घरी आला. म्हणाला, माझा चेहरा तुझ्या जवळपास आहे, टोपी घाल, मान खाली ठेव. पंचांनी परवाना बघितला, टोपी बघितली, चल म्हणाले."

"आणि पपा? पपा कुठे होते मग?" आवाज माझाच, पण चिरका.

"बसमध्ये. लाबॅर मैदानावर आहे म्हटल्यावर लाबॅर बाहेर कसा दिसेल? मागच्या सीटखाली आडवा झाला, वरून आम्ही आमचे कोट टाकले. रात्री पाऊस झालेला, आणि वर मे महिन्याचं ऊन, खिडक्या बंद. दोन तास! आम्ही जिंकलो तेव्हा त्याला ओरडतासुद्धा आलं नाही. मग मी पळत गेलो, जर्सी काढून त्याला दिली, आणि तो फोटोला गेला."

"खोटं."

"त्यानंतर तो कधी खेळू शकला नाही, पोरी. खेळला असता तर लोकांनी ओळखलं असतं, हा तो नव्हेच. खांद्याची गोष्ट आम्हीच रचली. क्लबसाठी एक सामना खेळायचा होता त्याला. तेवढाही मिळाला नाही. त्याच्या नावावर मी खेळलो."

मी म्हटलं, "पाटीवर स्वतःचं नाव हवंय तुम्हाला. सरळ बोला!"

"माझं नाव नको. कोटांखाली तो पडून होता, हे लिहायला हवंय. कुणीच लिहिलेलं नाही." आणि मग, "तुझ्याकडे केस कापायला येऊ नये, असं गास्तोंनेच मला बजावलं होतं. तुझ्या खुर्चीत आम्ही दोघं बसायला नको, म्हणाला."

"का?"

"ते तुला ठाऊक. धंदा तुझा."

मी कापड ओढून काढलं आणि त्याला बाहेर घालवला. तसाच. डावीकडे कापलेला, उजवीकडे झिपऱ्या. रस्त्यावरून काठी टेकत गेला, औषधवाल्याच्या दुकानातून लोक बघत होते. बघू देत!

जाताना दारात एवढंच म्हणाला, "टोपी मला घट्ट होती. मागची शिवण मी बसमध्ये चाकूने उसवली. बघ."

शुक्रवार, १८ फेब्रुवारी

बघितली. मागची शिवण उसवलेली आहे, दोन बोटं.

त्यात काय! साठ वर्षांत चामडं उसवतंच. नाहीतर आईने सांगितलं असेल त्याला. आईला विचारलं. आईने कानांवर हात ठेवले. मग थोड्या वेळाने म्हणाली, "तुझे पपा कोटाखाली झोपायचेच नाहीत कधी. कितीही थंडी असो. तुला आठवतं ना?"

आठवतं. पण म्हणून काय सिद्ध होतं? काहीही नाही!

रविवार, २० फेब्रुवारी

ही वही पहिल्यापासून वाचून काढली. खाटकाचे कान लिहिलेत, पाद्रीबाबांचे लिहिलेत, एल्वाचे लिहिलेत. एकाच माणसाचे नाहीत.

अठ्ठावीस वर्षं दर महिन्याला मी पपांचे केस कापले. शेवटचे दवाखान्यात कापले. कान तान्ह्या बाळासारखे होते, दोन्ही. मी कधी विचारलं नाही.

सकाळी टोपी आणि कात्री घेऊन एल्वाकडे गेले. स्वयंपाकघरात खुर्ची टाकून उरलेलं अर्धं डोकं कापून दिलं. दोघंही रडलो. तिथूनच मास्तरला फोन केला. म्हटलं, लिहा. एक नंबरपुढे एल्वाचं नाव, आणि कोटांखाली गास्तों लाबॅर.

"पुरावा?" मास्तर म्हणाला.

म्हटलं, "मी."