मोठीला काढायचं

२ फेब्रुवारी, सोमवार

नाही म्हणाले मी. सरळ तोंडावर!

वखारवाले आले होते. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या घरच्यांचा फोटो मीच काढला होता, इथेच, आतल्या खोलीत — ते स्वतः, त्यांची बायको, दोन मुलगे आणि मधोमध मोठी मुलगी. वखारीच्या नव्या ऑफिसात लावायला त्याचीच मोठी प्रत हवी म्हणाले. मी फाइल उघडली. कपड्यावरचा डाग दाखवावा तसं त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "फक्त मोठीला यातून काढायचं."

मोठी चार महिन्यांपूर्वी नवऱ्याचं घर सोडून आली. माहेरी दार उघडलं नाही. आता एकटी खोली घेऊन राहते, औषधांच्या दुकानात काम करते. एवढं सगळ्या गल्लीला माहीत आहे.

काम तसं अर्ध्या तासाचं. धाकट्याला जरा सरकवायचं, मागचा पडदा भरून काढायचा. गेल्याच आठवड्यात एका आजोबांच्या टकलावर केस उगवून दिले, तेव्हा नाही मला तत्त्वं आठवली. पण टक्कल वेगळं आणि पोटची मुलगी वेगळी. म्हटलं, "फोटो काढणं माझं काम. माणसं काढणं नाही."

ते हसले. त्यांना वाटलं, बाई गंमत करतेय. मग हसायचे थांबले.

३ फेब्रुवारी, मंगळवार

हे दिवसभर गप्प. दुकानाचा अर्धा भाग माझा, अर्धा यांच्या घड्याळदुरुस्तीचा. डोळ्याला भिंग लावून बसले की राग आलाय की काम चाललंय, काही कळत नाही. संध्याकाळी बोलले एकदाचे. दुसऱ्याच्या घरात नाक कशाला खुपसायचं म्हणे. मी म्हटलं, मी कुठे गेले होते? त्यांनीच त्यांचं घर आणून माझ्या टेबलावर ठेवलं!

त्यावर पुन्हा भिंग.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

शाळेतून फोन. मुख्याध्यापिका बिचाऱ्या गुळमुळीत बोलत राहिल्या. वर्गांचे फोटो यंदा दुसऱ्याकडून काढून घ्यायचं समितीनं ठरवलंय. समितीवर कोण आहे ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. कशाला? वखारवाले गेली पाच वर्षं अध्यक्ष आहेत.

अकरा वर्षं काढतेय मी ते फोटो. मागची रांग बाकावर उभी, पुढची मांडी घालून. उंच मुली पाय वाकवून उभ्या राहतात, त्यांना सरळ उभं करायला मलाच सांगावं लागतं. आता कोण सांगेल?

मागे जाऊन रडले थोडी. मग तोंड धुतलं. मग तोच फोटो छापला — मला छापता येतो तेवढा मोठा — आणि रस्त्याकडच्या काचेतल्या नवरानवरीला उचलून त्यांच्या जागी लावला. पाचही जण. मोठी मधोमध.

घ्या म्हणावं!

९ फेब्रुवारी, सोमवार

लोक थांबतात. बघतात. एकमेकांना कोपरानं ढोसतात. वखारीतल्या कारकुनानं येऊन निरोप दिला — मालकांनी फोटो उतरवायला सांगितलाय. मी सांगितलं, मालकांना म्हणावं, माझे मालक ते नव्हेत. निघताना त्याला हसू आवरत नव्हतं.

सकाळी हे काच पुसत होते. मोठीच्या चेहऱ्यासमोर दोनदा फडका फिरवला. मी पाहिलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

एक आजी आल्या, सबंध कुटुंब घेऊन. दारातच विचारलं, तुम्ही फोटोतून कुणाला काढून टाकत नाही म्हणे? मी ताठ मानेनं नाही म्हटलं. तशी हळूच जावयाकडे बघत म्हणाल्या, "मग याला जरा कडेला तरी उभा करा."

खूप दिवसांनी पोट धरून हसले. जावयाला कडेला उभा केला. चांगला आलाय.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

वखारवाले स्वतः आले. या वेळी बसले नाहीत. काउंटरवर मूठ टेकवून उभे. फोटो त्यांच्या घरचा आहे, त्यांच्या घरात कोण आहे आणि कोण नाही ते तेच ठरवणार, असं बरंच काही. मी ऐकून घेतलं. मग म्हटलं, त्या दिवशी ती तिथे बसली होती, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि तुम्हीच तिला मधे बसवलं होतंत. मग माझं दुकान किती दिवस चालतं ते बघतो म्हणाले.

तेवढ्यात यांनी भिंग काढलं. मला वाटलं, आता हे माफी मागणार. हे म्हणाले, "साहेब, जरा बाजूला व्हा. माझा उजेड अडतोय."

पंचवीस वर्षांच्या संसारात यांच्यावर इतकं प्रेम कधी आलं नव्हतं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

एकही गिऱ्हाईक नाही. फोटो जागेवर आहे.

२१ फेब्रुवारी, शनिवार

मोठी आली.

दारात दिसली तेव्हा वाटलं, आभार मानायला आली असेल. मनात तयारीही केली — अगं त्यात काय एवढं, वगैरे. चहा सांगते म्हटलं. नको म्हणाली. उभ्या उभ्याच बोलली.

"काकू, बाबांनी मला न विचारता काढायला सांगितलं. तुम्ही मला न विचारता टांगलंत."

औषध घ्यायला येणारा प्रत्येक माणूस तिला विचारतो, काचेतली ती तूच ना? आणि मग खालीवर बघतो. दोन आठवडे ती लांबच्या रस्त्यानं घरी जातेय. या गल्लीतून नाही.

सगळं जग वाईट आणि मी एकटी शहाणी, अशा तोऱ्यात होते मी. तिला विचारावं असं एकदाही डोक्यात आलं नाही. उठले आणि फोटो उतरवला. तिची माफी मागितली. तिनं नुसती मान हलवली.

मग म्हणाली, आता त्यातून मला काढा. ज्या कामाला नाही म्हणून शाळा घालवली, तेच! ती म्हणाली, "मी नसले की ते घर कसं दिसतं, ते बघायचंय मला. एकदाच."

काढलं. तिला शेजारी बसवून, तिच्यादेखत. आधी केस, मग खांदे, चेहरा शेवटी. तिनं डोळे मिटले नाहीत.

चौघं उरले. बाप आणि दोन मुलगे समोर बघतायत. आई मात्र बघतेय बाजूला, रिकाम्या पडद्याकडे. दोन वर्षं हा फोटो माझ्याकडे आहे! मी समजत होते, ऐन वेळी बाईंची नजर हलली. मोठीनं आईच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. मग ही प्रत द्या म्हणाली. आईला दाखवायचीय.

दिली.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी वखारवाल्यांची बायको आली, मोठीला घेऊन. दोघींचाच फोटो काढायचा म्हणाल्या. काढला. प्रत वखारीवर पाठवू का, मी विचारलं. बाईंनी मुलीच्या खोलीचा पत्ता सांगितला, मी लिहून घेईपर्यंत थांबल्या.

"आता मी तिथेच असते," म्हणाल्या.