ससा, सफरचंदं आणि तोंडी परीक्षा

अमरावती,
६ जानेवारी २०२५

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

कानाचं यंत्र तुम्ही पुन्हा कपाटात ठेवून दिलंत, असं आई सांगत होती. म्हणजे फोन बंद आणि आपली पत्रं सुरू. मोबाइलवर लिहिलेलं तुम्हाला चालत नाही, म्हणून ड्यूटी संपवून दवाखान्यातच नर्सेसच्या खोलीत बसून लिहितेय.

या फ्रेंचनं माझा जीव नकोसा केलाय. व्याकरण एक वेळ जमतं, पण त्यांचे वाक्प्रचार! कुणी बेशुद्ध पडलं की ते म्हणतात, सफरचंदांत पडला. भेटायची वेळ देऊन कुणी आलं नाही, तर म्हणतात, त्यानं ससा ठेवला. उदास वाटलं तर म्हणे, मला झुरळ आहे! मंजुषा मॅडमना का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, कारण शोधू नका, अर्थ लक्षात ठेवा. क्लासमधली कॉलेजची पोरं हसत हसत पाठ करतात आणि मी बत्तिसाव्या वर्षी रोज तोंडावर आपटते.

परीक्षा २२ फेब्रुवारीला नागपूरला आहे. तुमचा जावई नितेश दीड वर्ष झालं माँट्रियालला एकटा राहतोय. तिथल्या दवाखान्यानं माझ्यासाठी जागा मेअखेरपर्यंत ठेवलीय, पण फ्रेंच बोलता आल्याशिवाय पेशंटला हात लावू देणार नाहीत. हे सगळं तुम्हाला माहीत आहे. तरी लिहिते, कारण तुम्ही यावर कधी काही बोलत नाही.

आईच्या सांडग्यांवर आठवडा निघाला. लोभ आहेच, तो या चिडक्या लेकीवर सध्या जरा जास्त करावा.

तुमची,
प्रतीक्षा


जुने शहर, अकोला,
११ जानेवारी २०२५

चि. प्रतीक्षा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचले. चार चुका लाल शाईने दाखवून सोबत परत पाठवत आहे.

फ्रेंच लोकांना नावे ठेवण्यापूर्वी आपल्याकडे पाहा. आपल्या नाकी नऊ येतात ते कसले नऊ, हे छत्तीस वर्षांच्या नोकरीत मला एकाही पोराने विचारले नाही. बरे झाले, मलाही माहीत नव्हते. पोरांनी पाठ केले, वाक्यात उपयोग केला, गुण घेतले. माझ्या वर्गातला गोवर्धन आठवतो ना? धड चार वाक्ये बोलता यायची नाहीत. पण निबंधात दर तिसऱ्या वाक्याला एक वाक्प्रचार घालून, त्याखाली रेघ मारून, पठ्ठ्याने बोर्डात मराठीत ब्याऐंशी घेतले. तूही तसेच सत्त्याऐंशी घेतलेस. तेव्हा कंबर कस. शंभर वाक्प्रचार पाठ कर आणि बोलताना दर तिसऱ्या वाक्यात एक पेर. समोरचा तोंडात बोट घालील. यादी पाठव, मी प्रत्येकासमोर मराठी लिहून देतो. सफरचंदांसमोर 'भोवळ येणे' लिहून ठेवले आहे. सशाला अजून जोडीदार सापडलेला नाही.

तुझी आई म्हणते, पोरगी कायले एवढं जिवाले लावून घेऊन राहिली, टायमावर जेवत जा मना तिले.

शुभेच्छुक,
बाबा


अमरावती,
२ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

सत्तर झाले. राउंड घेतानाही पुटपुटत असते. काल इंदूबाई नावाच्या पेशंटनं विचारलंच, सिस्टर, कोन्या देवाचा जप करून राहिल्या म्हणून. काय सांगू, सशाचा?

पण एक घोटाळा आहे. मंजुषा मॅडमनी माझं बोलणं ऐकलं आणि डोक्याला हात लावला. दहा मिनिटांत एखादा वाक्प्रचार आला तर शोभतो, एरवी सरळ बोला, म्हणाल्या. आता मी कुणाचं ऐकू? सत्त्याऐंशी तुम्ही मिळवून दिलेत, पण फ्रेंच तर त्यांना येतं.

आणखी एक. मी रडकुंडीला येऊन लिहिते आणि तुम्ही माझी वेलांटी दाखवता. याचाही राग येतो, बाबा. तरी लोभ कमी होऊ देऊ नये.

तुमची,
प्रतीक्षा


जुने शहर, अकोला,
६ फेब्रुवारी २०२५

चि. प्रतीक्षा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या मॅडमना शिकवायला लागून किती, सहा वर्षे? माझे केस काय उन्हाने पांढरे झाले? भाषा कोणतीही असो, तपासणारा माणूसच असतो. मनाशी खूणगाठ बांध आणि उरलेले तीस डोळ्यांत तेल घालून पाठ कर. यश तुझ्या पदरात पडणारच.

पत्रात दोनच चुका. प्रगती आहे.

शुभेच्छुक,
बाबा


अमरावती,
२० मार्च २०२५

बाबा, नमस्कार.

महिनाभर लिहिलं नाही. सुट्टीच्या दोन्ही रविवारी अकोल्याला आले नाही, तेही मुद्दाम. काल निकाल लागला. वाचणं, ऐकणं, लिहिणं निघालं. बोलण्यात नापास.

मला ते परीक्षेच्या दिवशीच कळलं होतं. समोरच्या बाईंनी विचारलं, तुम्हाला तिकडे का जायचंय? मी सांगितलं, मला झुरळ आहे, नवऱ्यानं ससा ठेवलेला नाही, आणखी वर्ष काढलं तर सफरचंदांत पडेन. बाईंनी हात वर करून थांबवलं आणि साध्या शब्दांत सांगा म्हणाल्या. दोनदा म्हणाल्या. माझ्याजवळ शंभर वाक्प्रचार होते आणि एक साधं वाक्य नव्हतं.

मला तुमचा राग आलाय. परत येताना बसमध्ये मी तेच उत्तर मराठीत म्हणून पाहिलं, तर तेही जमेना. आपल्या घरात सरळ कुणी बोलतच नाही. नितेशनं मला बोलावलं, तेव्हा तुम्ही काळजावर दगड ठेवण्यापासून आकाशाला गवसणी घालण्यापर्यंत सगळं लिहिलंत. मी जावं की नाही, तेवढं लिहिलं नाहीत.

पुन्हा परीक्षा २६ एप्रिलला. तीही गेली तर जागा गेली. आता यादी पाठवणार नाही.

प्रतीक्षा


जुने शहर, अकोला,
२५ मार्च २०२५

चि. प्रतीक्षा,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितो आहे. आधीची दोन फाडली. त्यांत मी पुन्हा तेच केले होते.

तुझ्या मॅडमचे बरोबर होते. माझे चुकले. ते मला फेब्रुवारीतच कळायला हवे होते. कदाचित कळले होते. तुझा निकाल वाचून मला आधी बरे वाटले. वाटले, आता ही जात नाही. तुझी आई म्हणाली, पोरगी तिकडे रडून राहिली अन् तुमी कावून हसून राहिले? मी हसत होतो, हे मला माहीत नव्हते. मला माझी लाज वाटते.

तू विचारले आहेस म्हणून लिहितो. तू जाऊ नयेस असे मला वाटते. मी एकाहत्तर वर्षांचा आहे. यंत्र लावले तरी मला नीट ऐकू येत नाही. तू रविवारी येतेस, समोर बसून सावकाश बोलतेस, तेव्हा तुझे ओठ पाहून मला सगळे समजते. दुसऱ्या कुणाचे समजत नाही. तू गेलीस की ते थांबेल. याची मला भीती वाटते.

तरीही तू जा. नितेश तिथे एकटा आहे आणि तू इथे एकटी आहेस. का जायचे आहे असे परीक्षेत विचारले, तर सांग, माझा नवरा तिथे आहे आणि मला त्याच्याजवळ राहायचे आहे. आणि वडिलांचे काय, असे कुणी विचारले, तर सांग, त्यांनी मला जा म्हटले आहे.

तुझा,
बाबा