दुपारची हवा

सेनगाव,
दि. १४ मार्च २००४

चि. राणीस,
जयभीम.

हरीशने मला आठ दिवसांची मुदत दिली आहे. आज सातवा दिवस, म्हणून लिहिते. मनाने लिहायला बसले असा गैरसमज नको.

इकडे ठीक आहे. ऊन आतापासूनच भाजून काढतंय. मुलीचं बारसं झाल्याचं शाळेच्या रामकिशनकडून कळलं. मला बोलावलं नाहीस, बरोबर केलंस. ऐश्वर्या हे नाव मात्र मला आवडलेलं नाही.

हरीश म्हणजे तातेरावांचा मुलगा, बुद्धभूषणच्या हेलिकॉप्टरमध्ये होता तोच. कुबड्या टेकत आला. बस म्हटलं तर बसला नाही.

"बाई, वहिनीला काहून बोल लावून राहिल्या?"

"तुला काय करायचं?"

"मला न्हाई तर कुणाला? त्या मशीनमध्ये मी होतो. तुमी लिवता, का मी वारंग्याला वहिनीच्या माहेरी जाऊन सांगू?"

सातवीत असताना या पोराला मी पन्नास उठाबशा काढायला लावल्या होत्या. त्याच्या पायांकडे पाहून ते आठवलं.

तर ऐक. बुद्धभूषणच्या मयताच्या दिवशी दोनशे माणसांसमोर मी म्हणाले, हिनेच घाई केली, पोटातल्या लेकरासाठी नवऱ्याला घरी ओढून आणत होती. तू एक शब्द बोलली नाहीस. तुझी आई सांगते, पोरीला पाजताना तू अजून म्हणतेस, मीच त्यांना घालवलं. गप्प राहणारी माणसं मला कधी आवडली नाहीत. त्या दिवशी तुझं गप्प राहणं माझ्या सोयीचं झालं.

अकरा जुलैला सकाळी चतुराबाई आल्या, हरीशची आई. त्यांच्या ओट्यावर मला, मी मुख्याध्यापिका झाल्यावरही, कुणी बस म्हटलं नव्हतं. त्या सकाळी त्या माझ्या फरशीवर बसल्या. तातेरावांना झटका आला होता.

"बाई, म्हाताऱ्याला पोराचं तोंड पाहू द्या. तुमचं पोरगं तिकडं लडाखात हेलिकॉप्टर चालवतंय न्हवं? आमचा हरीश त्याच डोंगरावर चौकीत हाय."

मी पाणी दिलं. त्या प्यायल्या. आमच्या घरचं पाणी त्या घरातल्या कुणी पिण्याची ती पहिली वेळ. मी म्हणाले, "आजच्या आज खाली आणील."

नऊला बुद्धभूषणचा नेहमीचा फोन आला. मी सांगितलं.

"आई, उद्या पहाटे आणतो त्याला. इथं ढग आहेत. सामान घेऊन वर पोचेपर्यंत आज दुपार होईल."

"मग दुपारी आण."

"दुपारी जमत न्हाई. एवढ्या उंचीवर हवा मुळातच पातळ. ऊन तापलं की अजून पातळ होते. पाती फिरतात, पण त्यांना धरायला काही राहत न्हाई. माझं मशीन हलकं, पहाटे एक माणूस उचलतं. दुपारी तेवढाही भरवसा न्हाई."

"आपल्या जीपमध्ये अठरा बसतात. तुझ्यात एक जास्त होतो?"

तो हसला. "आई, जीप बंद पडली तर रस्त्यावर तरी राहते."

हवा तापली की विरळ होते हा धडा मी सातवीला सव्वीस वर्षं शिकवला. फळ्यावर आकृती काढून. त्या सकाळी तो मला आठवला नाही असं नाही. आठवला. पण चतुराबाई माझ्या तोंडाकडे पाहत होत्या.

मी म्हटलं, "भितोस काय?"

मग म्हणाला, "आणतो."

पुढचं हरीशने सांगितलं. वजन कमी राहावं म्हणून बुद्धभूषण त्या दिवशी एकटाच उडत होता. चौकीवर त्याने दारं काढून ठेवली, हरीशची पेटी उतरवली, अंगातलं जाकीटसुद्धा मागे टाकलं. "मशीन हातभर उठलं, बाई. कड्याच्या पुढं गेलं अन् पोतं बसतं तसं बसत गेलं. साहेब ओरडले न्हाईत. मला म्हणले, घट्ट धर." उतारावर आपटलं. हरीशचे पाय गेले, माझा मुलगा गेला.

तातेराव जिवंत आहेत. संध्याकाळी ओट्यावर असतात. मी दिसले की म्हणतात, या बाई, बसा. मी बसत नाही असं लिहिणार होते. बसते.

हरीशला माहीत आहे ते इथे संपलं. एवढंच सांगायचं असतं तर त्यालाच जाऊ दिलं असतं.

सामान उतरत होतं तेवढ्या वेळात बुद्धभूषणने तुला पत्र लिहिलं आणि चौकीच्या टपालात टाकलं. ते चोवीस जुलैला इथे आलं. तू आत निजली होतीस. पोस्टमनकडून मी घेतलं आणि फोडलं. तू अपघाताच्या आदल्या दिवशी फोनवर त्याला सांगितलं होतंस, माझी तब्येत बरी आहे, घाई करू नका, ऊन चढल्यावर उडू नका. ते त्याने लिहिलं आहे, आणि तुझं ऐकलं नाही म्हणून रागावू नकोस असंही. पुढे माझ्याबद्दल दोन ओळी आहेत. त्या इथे उतरवत नाही.

ते वाचून तिसऱ्या दिवशी मी तुला माहेरी जायला सांगितलं. तू वाटेत एसटीत उलट्या केल्यास, असं नंतर कळलं. तेव्हा मला वाईट वाटलं नाही. घरात कुणी उरलं नव्हतं, म्हणजे पत्र कुणाच्या हाती लागण्याची भीती नव्हती.

माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, तुझा स्वभाव तसाच आहे. हे पत्र हवं त्याला दाखव. मयताला आलेल्या त्या दोनशे जणांना मी स्वतः सांगेन. चतुराबाईंपासून सुरुवात करते, आज संध्याकाळी, त्यांच्या ओट्यावर उभी राहून.

मुलीला ऊन लागू देऊ नकोस.

बुद्धभूषणची आई,
पद्माबाई

रामकिशनच्या हाती दिले: अंतर्देशीय पत्र एक, दि. ११ जुलै २००३ चे, सौ. राणी हिच्या नावाचे. मी फोडलेले. पावणेआठ महिने माझ्याकडे होते.