शेजारच्या टेंटमधल्या बाई

श्रीपाद,

घटस्फोटाच्या वाटणीत टेंट तुझ्याकडे गेलाय. पॅक करून ठेवलाय, रविवारी गार्डकडून घेऊन जा. हे पत्र त्यात ठेवणार नाहीये.

दिल्लीत आल्यापासून आपण बाहेर बिनधास्त मराठीत भांडायचो, कुणाला काय कळतंय म्हणून. ढाब्यावर, टोल नाक्यावर, ट्रेकच्या वाटेवर. उत्तराखंडात चोपत्यालाही तसंच भांडलो. तू म्हणालास, "यापुढे मी एकटाच येत जाईन." मी म्हटलं, "खुशाल ये."

सकाळी तू खरंच एकटा तुंगनाथला चढून गेलास. तेव्हा शेजारच्या टेंटमधल्या बाई चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, "आम्ही नगरचे. काल तुमचं सगळं ऐकू आलं."

कुठे तोंड लपवू असं झालं मला.

"अहो, लाजताय काय? आठ दिवस गाडीत आहोत, आमचे हे 'आता लेफ्ट की राइट' याखेरीज एक शब्द बोलले नाहीत. तुमचं भांडण ऐकून मला हेवा वाटला."

तू खाली आल्यावर हे सांगितलं असतं, तर दिल्लीत द्वारकेतल्या घरी पोचेपर्यंत आपण हसत राहिलो असतो. ते मला तेव्हाच कळलं होतं.

म्हणूनच सांगितलं नाही.

मयुरा