सूर्यास्ताला भूपाळी

रविवार, १२ जानेवारी २०१४
आज सकाळी गाडी पुसताना अण्णांची भूपाळी म्हणत होतो. वर दुसऱ्या मजल्यावर गेनाडी साहेबांची खिडकी उघडली, रोजच्यासारखी. साहेब रशियातले संगीतकार. कंपनीने ओमानवरच्या फिल्मसाठी महिन्यापूर्वी इथे ओमानात आणलेत, मी त्यांचा ड्रायव्हर.

दुपारी स्टुडिओत डबा द्यायला गेलो. पडद्यावर उंट, वाळू, मावळता सूर्य — आणि मागे व्हायोलिनवर अण्णांची चाल! गावच्या रवळनाथाला पहाटे उठवायला अण्णांनी, माझ्या वडलांनी, बांधलेली. ती इथे सूर्य बुडवायला! मला विचारलंसुद्धा नाही.

सोमवार, १३
खोलीतल्या उल्हासला सांगितलं. मालवणचा आहे, त्याला तरी कळेल वाटलं. हसत सुटला. "मेल्या, तुझो बापूस आता रशियात गाजतलो! आणि तू तोंड पाडून बसलंस?"

बुधवार, १५
साहेबांना रुस्ताकचा किल्ला दाखवायला नेलं. वाटेत स्वतःबद्दल बोलले — इंग्रजी माझ्याहून मोडकं. तीन सिम्फनी लिहिल्या, कपाटात पडून आहेत. पोटासाठी चाळीस सिनेमे. एकात त्यांच्या आईचं अंगाईगीत घातलं. ते इतकं चाललं की साबणाच्या जाहिरातीत वाजायला लागलं. "आता ते ऐकलं की आई दिसत नाही, रमण. साबण दिसतो."

एवढं कळतं या माणसाला! तरी माझ्या बापाची चाल उचलली! अगदी ओठांवर आलं होतं. आणि बोललो काय? — "साहेब, एसी वाढवू?"

गुरुवार, १६
अर्बाबला, म्हणजे कंपनीच्या मालकाला, तो तुकडा फार आवडला म्हणे. मंगळवारी काम खलास. आता बोललो तर नोकरीवरच येईल. वीस वर्षं इथे मान हलवण्यातच गेली.

शनिवार, १८
पूजेला बसलो, चित्त लागेना. इथे तरी खरं लिहितो. पहिल्या दिवशी ती खिडकी उघडली, ती मी पाहिली होती. दुसऱ्या दिवसापासून गाडी मुद्दाम तिच्याच खाली लावत होतो. आवाजही चढवत होतो.

रविवार, १९
सांगितलं! "साहेब, ती चाल काढा. ती सकाळची आहे. देवाची आहे."

साहेबांनी त्या चालीचे कागद घेतले आणि फाडले. "अर्बाबचं मी बघतो. पण उद्या सकाळी गाशील ना?"

मी गाडीची किल्ली उचलून निघालो.

सोमवार, २०
आज गाडी इमारतीच्या मागे नेऊन पुसली. भूपाळी म्हटली. हळू — देवाला ऐकू जाईल एवढीच.