तीन कोटेशनं आणि एक कणीस

१२ डिसेंबर, सकाळी, हॉटेलच्या गॅलरीत
आज संध्याकाळी रात्रबाजारात खायला जायचंय. आतापर्यंत सूत्रं साडूंकडे होती. त्यांची पद्धत एकच: पहिली गाडी दिसली की खायला उभं राहायचं. दरवेळी चांगलं निघालं, हा निव्वळ योगायोग. आज नेतृत्व माझं. संध्याकाळ जमली तर उरलेली ट्रिप माझ्या हातात, असं नाश्त्याला ठरलं. साडू लगेच हो म्हणाले. बिचाऱ्यांना आपली मर्यादा कळली असावी.

खरेदी विभागात हयात गेली. तीन कोटेशनं आल्याशिवाय ऑफिसात टाचणी येऊ दिली नाही. तोच नियम आज पोटाला.

सौ.ने घरच्या खाऊचा डबा पर्समध्ये टाकला होता. काढायला लावला. ट्रिपला येऊन घरचं खाणं म्हणजे भित्रेपणा. तिने डबा खोलीतल्या टेबलावर ठेवला. पटलं असणार.

दुपारी
जेवण रद्द केलं. पोटात जागा हवी. मेहुणीचं तोंड वाकडं. शिस्त लोकांना मानवत नाही.

संध्याकाळी, बाजाराच्या तोंडाशी
गर्दी, धूर, घमघमाट. सगळ्यांना कडकडून भूक. नियम पुन्हा सांगितला: पहिल्या फेरीत फक्त बघायचं. तोंडाशीच एक कणीसवाला. साडूंचा हात खिशाकडे गेला, मी वेळीच धरला. एकाच पार्टीकडून खरेदी? ऑडिटवाले काय म्हणतील? शिवाय हा गडी कणीस गुलाबी कागदात गुंडाळून देतो. भपका नुसता. नापास.

पहिल्या फेरीनंतर
काम जोरात. तव्याखाली वाकून बघतो, तेल कधी बदललं ते विचारतो. एका ऑम्लेटवाल्याने मला बघताच घाईघाईने टोपी घातली आणि लायसन्स पुढे केलं. रुबाब अजून आहे. सूपवाल्या बाईंना विचारलं, पातेलं किती वेळाने ढवळता. त्या ढवळायच्या थांबल्या आणि माझ्याकडे बघतच राहिल्या. शेरा: माहिती अपूर्ण.

दुसऱ्या फेरीला निघताना
मंडळी तोंडाशीच बाकावर बसलीत. पाय दुखतात म्हणे. सौ. म्हणाली, सावकाश बघा, घाई करू नका. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच असं म्हणाली. भरून आलं.

बऱ्याच वेळाने
परत आलो तर तिघं हसतखेळत. उपाशीपोटी एवढा उत्साह! योग्य नेतृत्वाने हे होतं. साडूंनी ढेकर दिली. रिकाम्या पोटात वायू धरतो. मेहुणीला उचक्या. भुकेनेच. सौ. दातात काडी घालून बसली होती. काय करणार, वेळ तर जायला हवा.

निर्णय
टोकाच्या बाईंचं सूप आणि टोपीवाल्याचं ऑम्लेट. जाहीर केला. कोणी उठेना. भूक मेली म्हणाले. मी एकटाच गेलो. बाई पातेलं घासत होत्या. अभिनंदन, तुमची निवड झाली, असं सांगितलं. त्यांनी पातेलं उपडं करून दाखवलं. टोपीवाला मला लांबूनच बघून गाडी ढकलत पसार झाला. कणसांचे निखारेही विझलेले.

एकट्याने खाणं तसंही माझ्या तत्त्वात बसत नाही.

हॉटेल, सगळे झोपल्यावर
झोप नाही. पोटात कावळे. डबा घेऊन बाथरूममध्ये गेलो. बाथरूम ट्रिपमध्ये धरत नाहीत. उघडला, तर खाऊच्या वर गुलाबी कागद. आत भाजलेलं कणीस. मीठ-लिंबू लावलेलं. बिचारी स्वतः उपाशी राहून माझ्यासाठी घेऊन आली.

तेवढ्यात सौ. दाराबाहेरून म्हणाली की कणीस गार झालंय. आम्ही गरम गरम खाल्ली तेव्हा तुम्ही फेरीवर होतात. साडूंनी तर दोन खाल्ली. आणि आता निवांत बाहेर येऊन खा, चोरासारखं नको.

यावर शेरा नाही.

बाहेर आलो, पलंगावर बसून खाल्लं. ती शेजारी बसून होती. इतकं चांगलं कणीस मी आयुष्यात खाल्लं नाही. बाकीची दोन कोटेशनं मागवली नाहीत.

१३ डिसेंबर, सकाळी
दातात दाणा अडकलाय. नाश्त्याला साडूंनी अदबीने विचारलं, आज खायला कुठे जायचं. म्हटलं, दिसेल त्या पहिल्या गाडीवर. कल्पना माझीच, हे तिघांनी एकमताने मान्य केलं. फार हसले मात्र.