सभेआधीच लिहिलेल्या कॅप्शनांबाबत आणि धक्क्यावरील दुकानाबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
प्रक्षेपण व पारदर्शकता विभाग,
नगरपालिका, पुएर्तो नाल्का, चिलोए बेट.

अर्जदार: नोल्फा ओयार्सो बार्रिया, वय ६१, धंदा धुरावलेले शिंपले विकणे.

विषय: दि. ४ मार्चच्या सभेच्या थेट प्रक्षेपणात आदल्या दिवशी लिहिलेली कॅप्शन दाखवून माझी संमती नोंदवल्याबाबत.

संदर्भ: माझे दि. २८ मार्च, ४ एप्रिल व ११ एप्रिलचे तीन अर्ज. तिन्हींवर आपल्या आवक विभागाचा शिक्का आहे. उत्तर एकाचेही नाही.

महोदय,

१. मी नवव्या वर्षी आलेल्या तापापासून बहिरी आहे. बोलते, लिहिते, आणि ओळखीच्या माणसाचे ओठ वाचते. नगराध्यक्षांचे ओठ मिशीखाली असल्यामुळे वाचता येत नाहीत. म्हणून नगरपालिकेच्या सभांचे प्रक्षेपण मी संकेतस्थळावर खालची कॅप्शन वाचत पाहते. ही सोय आपल्या विभागाने केली, तिच्या उद्घाटनाला फीत कापली, मलाच पहिल्या रांगेत बसवून माझा फोटो काढला. तो फोटो अजून आपल्या भिंतीवर आहे. कृपया उतरवावा.

२. दि. ४ मार्चच्या सभेत विषय क्र. ७ हा बोटीच्या धक्क्यावरील माझे लाकडी दुकान हलवण्याचा होता. माझी बाजू मांडण्यासाठी मला घरून संगणकावर हजर राहण्यास सांगितले होते. मी स्वच्छ ब्लाउज घालून, कागद पुढ्यात घेऊन, वेळेच्या आधी बसले. विषय ७ आला तेव्हा पडद्यावर कॅप्शन आले: "हा विषय पुढील सभेपर्यंत तहकूब. संबंधितांचे आभार." कोणी आभार मानले की मान हलवावी, असे मला आईने शिकवले आहे. मी मान हलवली.

३. दि. १७ मार्च रोजी पालिकेचा ट्रक आला आणि माझे दुकान उचलून टेकडीवर, कचराडेपोच्या मागे ठेवून गेला. मी आपल्या कार्यालयात धावत आले. तेथील लेखनिक श्री. एलादियो यांनी कागदावर लिहून दिले: "तुम्हीच तर हो म्हणालात. व्हिडिओ बघा ना." व्हिडिओ पाहिला. त्याला कॅप्शनच नव्हती. हे लिहून दाखवल्यावर त्यांनी खाली लिहिले: "येतील की. एवढी काय घाई आहे, बाई?"

४. घाई अशी होती की निर्णयाविरुद्ध अपिलाची मुदत दहा दिवसांची, म्हणजे १४ मार्चला संपलेली होती. नोंदवलेल्या चित्रफितीवर कॅप्शन आली दि. २७ मार्चला. ती मात्र खरी होती, कारण ती सभेनंतर लिहिलेली होती. आपण स्वतः वाचली नसतील, अशी मला खात्री आहे, म्हणून उतरवून देते:

"नगराध्यक्ष: नोल्फाबाई, दुकान हलवायला हरकत आहे का तुमची? बोला की."
"नगराध्यक्ष: दुसऱ्यांदा विचारतोय हं, बाई."
"सचिव: दिसताहेत तर. छान नटूनथटून बसल्यात."
"नगराध्यक्ष: तिसऱ्यांदा. तीनदा विचारून उत्तर नाही म्हणजे आपल्या नियमाप्रमाणे संमती. हां, बघा, मान पण हलवली! चला, जेवायची वेळ झाली."

हे वाचताना मला आधी लाज वाटली. आख्ख्या गावासमोर मी बावळटासारखी हसत होते. मग राग आला, तो अजून उतरलेला नाही.

५. थेट सभेत अशी कॅप्शन कशी आली, याचा खुलासा श्री. एलादियो यांनी अभिमानाने लिहून दिला: "सभा चालू असताना इतक्या भराभर कोण टाइप करणार? कार्यक्रमपत्रिका आदल्या दिवशी येते, तिच्यावरून लिहून ठेवतो. वेळेवर लागतात, शुद्धलेखनाची एक चूक सापडणार नाही." पत्रिकेत विषय ७ तहकूब होता, कारण अभियंत्याचा अहवाल आला नव्हता. तो सभेच्या दिवशी सकाळी आला. कॅप्शन तशीच राहिली. म्हणजे महोदय, आपला विभाग गावातल्या बहिऱ्यांना सभेत काय झाले ते सांगत नाही, काय व्हायचे ठरले होते ते सांगतो. ज्यांना ऐकू येते त्यांना फरक कळतो, आणि त्यांना कॅप्शन लागत नाहीत. असा कारभार करायला अक्कल लागत नाही, फक्त खुर्ची लागते, आणि ती आपल्याकडे आहे.

६. धक्क्यावर मी एकतीस वर्षे बसले. बोटीतून उतरणारा माणूस बोट दाखवतो, मी शिंपल्यांची माळ काढून देते, ऐकण्याचे काम पडत नाही. टेकडीवर सहा आठवड्यांत माझ्याकडे गिऱ्हाईक म्हणून दोन कुत्री आली. माझ्या जगण्याचे दुसरे साधन नाही. हे मी तिन्ही अर्जांत लिहिले होते.

७. तरी माझ्या विनंत्या पुढीलप्रमाणे:

(अ) थेट सभेची कॅप्शन सभेत बसलेल्या माणसाने, सभेत बोललेले ऐकून लिहावीत.

(आ) अपिलाची मुदत चित्रफितीवर कॅप्शन लागल्या दिवसापासून मोजावी.

(इ) माझे दुकान धक्क्यावर परत आणण्यास परवानगी मिळावी. ही विनंती तीन वेळा केली. तीनदा विचारून उत्तर नाही म्हणजे काय, ते नगराध्यक्षांनी भर सभेत सांगितलेच आहे. आपली संमती मला मिळाली, आभारी आहे.

८. त्यानुसार शनिवार दि. २६ एप्रिल रोजी मी बेटाच्या रीतीप्रमाणे मिंगा बोलावली: शेजारी फुकट राबतात, बोलावणारा जेवू घालतो. शेजारी एरास्मो म्हणाला, "काकी, त्यांनी ट्रकनं नेलं ना? आपण बैलांनी आणू. तू फक्त जेवणात बटाट्याचे मिल्काओ कमी पडू देऊ नकोस." तीन बैलजोड्या आणि चाळीस माणसांनी दुकान ओंडक्यांवरून टेकडीखाली ओढले. वाटेत आपल्या कार्यालयाच्या दारात बैलांना पाणी पाजले. खिडकीत श्री. एलादियो होते. त्यांनी मान हलवली, हेही नोंदवून ठेवले आहे.

सबब, विनंती (अ) व (आ) वर उत्तर द्यावे. (इ) वर देण्याची तसदी घेऊ नये. मी आज सकाळपासून धक्क्यावर बसले आहे.

तीन अर्जांपर्यंत नम्र असलेली,
नोल्फा ओयार्सो बार्रिया
(सही)
दि. २८ एप्रिल

सोबत जोडले आहे:
१) ४ मार्चच्या पडद्याचा फोटो, "संबंधितांचे आभार" या ओळीसह.
२) २७ मार्चच्या कॅप्शनांची छापील प्रत.
३) शिक्का मारलेले तीन अर्ज.
४) दुकान ओढतानाची चित्रफीत. कॅप्शन शाळेतल्या बाईंनी लिहिली आहेत, दुकान धक्क्यावर टेकल्यानंतर.